पितळी पेटीच्या पोटातली वाळू

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. मी जुनी आहे, पण मोडलेली नाही. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. तो पाहून कुणी मला भंगार म्हटलं तर मला राग येतो, आणि आलेला राग मी गिळून टाकत नाही. माझी कहाणी ऐकून कीव वगैरे येणार असेल तर ती आपल्यापाशीच ठेवा.

मी पितळेची एक चौकोनी पेटी आहे. दिसायला तळहाताएवढी, पण उचलायला गेलात तर मनगट दुखेल. माझे दोन भाग आहेत, एकावर एक ठेवलेले, आणि त्यांना जोडून धरणारे दोन स्क्रू आहेत. माझ्या पोटात मूठभर वाळू भरतात, वर झाकण बसवतात आणि त्यावर वजन ठेवतात. मग ते दोन स्क्रू काढून घेतात आणि माझा खालचा भाग हळूहळू पुढे ढकलतात. वरचा भाग जागच्या जागी धरून ठेवलेला असतो, त्यामुळे मधल्या मध्ये वाळूलाच सरकावं लागतं. किती जोर लावल्यावर ती सरकली, हे एक तबकडी सांगते. वजनाखाली ती किती खचली, हे दुसरी तबकडी सांगते. एखाद्या बांधकामाखाली भरायची वाळू भार सोसेल की दगा देईल, हे आधीच सांगून ठेवणं, हे माझं काम.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या दोन भागांत केसाएवढी फट राहिली म्हणून कारागिराने मला तीन वेळा पुन्हा घासलं. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज मात्र मी त्याचं नाव माहीत नसल्याची खंत करते.

तिथून मी एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत आले. तिथे फारुकभाई सहायक होते. प्रत्येक प्रयोगानंतर ते मला ब्रशने झाडत, खाचांतला कणन् कण टाचणीने काढत आणि तेलाचा हात फिरवत. विद्यार्थी माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहत. नव्या पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना सर सगळ्यात आधी मलाच दाखवत. मी थोडी चढून गेले होते, हे कबूल करते.

कोपऱ्याचा टवका उडाला तो त्याच दिवसांत. एका गटाने घाईघाईत स्क्रू न काढताच मला ढकलायला सुरुवात केली. तबकडीचा काटा भराभर वर चढू लागला. सगळे खूश. एक मुलगी म्हणाली, "काय दणकट वाळू आहे ही, लोखंडच जणू!" फारुकभाई धावत आले, पण तोवर माझा कोपरा गेला होता. स्क्रू बसलेले असले की जोर वाळू सोसत नाही, स्क्रू सोसतात. आकडा मोठा येतो आणि तो साफ खोटा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं. माझी रवानगी फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात झाली, मोडक्या स्टुलाच्या पायाशी. तिथे मी किती वर्षं पडून होते कोण जाणे. मुंग्यांनी माझ्या पोटात बिऱ्हाड केलं. एकदा कुणीतरी माझ्यात खडूचे तुकडे ठेवले. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं मुंग्यांनीही वाटलं नव्हतं. शेवटी भंगाराचा लिलाव ठरला, आणि निवृत्त होता होता फारुकभाईंनी मला मागून घेतलं. बाकी सगळं गेलं. मी राहिले.

फारुकभाईंची लेक सबीहा. तिने बांधकामाची पदविका घेतली आणि सेनगावात बसस्थानकामागे एक खोली भाड्याने घेऊन वाळू, मुरूम, विटा तपासून द्यायचं काम सुरू केलं. फारुकभाईंनी मला घासूनपुसून तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, हिला फक्त दोन गोष्टी लागतात. साफ हात अन् खरी वाळू." सबीहाचे हात साफ होते. दुसऱ्या गोष्टीत आम्ही फसलो, आणि आता तेच सांगते.

साखरा गावात अंगणवाडीची नवी खोली बांधायची होती. तिथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आटून भेगाळते, म्हणून ती कमरेएवढी खोल उकरून त्या जागी वाळू भरायची असं ठरलं. बांधकामावर देखरेख गावातल्या तातेरावांची होती. ठेकेदार पुनमचंदशेठ यांनी नदीकाठाहून वाळू आणून मोठा ढिगारा टाकला. त्यातली पिशवीभर वाळू तपासणीला सबीहाकडे आली. मित्रांनो, काय वाळू होती ती! एकेक कण चकचकीत, बोटाला धूळ म्हणून लागेना. अशी वाळू पोटात पडली की मला सणासारखं वाटतं. इतकी स्वच्छ वाळू नदीकाठच्या ढिगाऱ्यात येते कुठून, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी आपली मजेत सरकले, तबकड्यांनी उत्तम आकडे दिले, आणि सबीहाने कागदावर 'योग्य' असं लिहून सही केली.

तीन महिन्यांनी तातेराव आणि पुनमचंदशेठ दोघंही आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्याबरोबर अंगणवाडीच्या मदतनीस अनुसयाबाई होत्या. त्यांना पंचायत समितीत काम होतं म्हणून त्याच जीपने आल्या होत्या आणि उंबऱ्याशीच टेकल्या.

"पोरी," तातेराव म्हणाले, "तुझा कागद बराबर हाय म्हणून आमी खड्डा भरला. आता हात धुवायच्या मोरीकडचा कोपरा चार बोटं खचून राहिला. भिंतीला अशी चीर पडली की बोट जाईल. बरं झालं, लेकरं अजून आत बसवली न्हाईत."

सबीहाचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत पुनमचंदशेठनी मला उचललं आणि कोपरा सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. कोपरा उडून राहिला. अशा डबड्याच्या भरवशावर कुठं कामं व्हतात का? पेटीच खोटी हाय."

डबडं! मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी सेनगावच्या बसस्थानकापर्यंत ऐकू गेलं असतं.

पण खरी भीती पुढेच होती. अंगणवाडीच्या अंगणालगतच गावाची पाण्याची उंच टाकी उभी राहणार होती. तिच्या पायाचा खड्डा खणून तयार होता, आणि सोमवारी तो त्याच ढिगाऱ्यातल्या उरलेल्या वाळूने भरायचा होता. ते काम थांबवावं का, असं तातेरावांनी विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "थांबवायचं काहून? वाळू पास हाय. कागद हाय माझ्याकडं." म्हणजे पेटी खोटी, पण पेटीने पास केलेली वाळू खरी. मित्रांनो, हा न्याय तुम्हाला कळला असेल तर मलाही समजावून सांगा.

सबीहा शांतपणे म्हणाली, "काका, पेटी खोटी असेल तर मी आजच हे दुकान बंद करते आणि हिला भंगारात घालते. पण आधी ढिगाऱ्यातली वाळू मला बघू द्या."

तातेराव रिकाम्या हाताने आलेच नव्हते. भांडायला पुरावा हवा म्हणून त्यांनी दोन पिशव्या भरून वाळू आणली होती. त्यांनी एक पिशवी टेबलावर उपडी केली. फारुकभाईंना एक जुनी सवय आहे, तपासलेल्या वाळूतली थोडी बरणीत भरून वर गावाचं नाव लिहून ठेवायची. त्यांनी साखऱ्याची बरणी काढून शेजारी ओतली. एका बाजूला मातकट, पिठूळ ढीग, दुसऱ्या बाजूला चकचकीत कण. दोन्ही एकाच गावची वाळू!

तेवढ्यात उंबऱ्यावरून अनुसयाबाई उठून जवळ आल्या. त्यांनी चकचकीत वाळू चिमटीत घेतली आणि म्हणाल्या, "आगं माय, ही तर म्या धुतलेली!"

"धुतलेली?" तातेरावांना कळेना.

"तुमीच म्हणले ना, अनुसयाबाई, वाळूची पिशवी भरून ठेवा, सेनगावला धाडायची हाय. बघते तर तिच्यात माती, काड्या. म्हणलं, परक्याच्या दारात असं मळकं काहून धाडावं? कुणाचे शेरभर गहू उसने आणले तरी आपण निवडून, पाखडूनच परत देतो. मग चाळली, तीन पाण्यानं धुतली, पोत्यावर वाळवली अन् मग पिशवी भरली." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "माझं चुकलं व्हय?"

मला त्या बाईची फार माया आली. आयुष्यभर जिने दुसऱ्याच्या घरी निवडलेलंच धान्य पाठवलं, तिला वाळू मळकी पाठवायची असते हे कुणी सांगितलं होतं?

सबीहाने त्यांना खुर्ची दिली. "मावशी, लेकराला दवाखान्यात नेताना आपण तोंड धुऊन नेतो. पण ताप उतरवून नेत नाही ना? तापच तर दाखवायचा असतो. वाळूचंही तसंच. आणि खरी चूक माझी आहे. ढिगाऱ्यावर जाऊन वाळू मी स्वतः घ्यायला हवी होती. मी बसल्या जागी पिशवी घेतली."

हे तिने शेठसमोर, तातेरावांसमोर, बापासमोर मोठ्याने सांगितलं. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, आणि माझी मान, म्हणजे जो काही माझा वरचा भाग आहे तो, ताठ झाला.

मग कामाला सुरुवात झाली. ढिगाऱ्याची वाळू कढईत तापवून कोरडी केली. पिठाच्या चाळणीहून कितीतरी बारीक अशा जाळीतून ती चाळली. खाली पडला तो गाळ, राखेसारखा मऊ. शंभर भागांत तो बावीस भाग भरला. तातेरावांनी गाळ अंगठ्याने चोळून पाहिला आणि हात झटकला.

"आता गाळाने काय होतं ते बघा," सबीहा म्हणाली.

पहिल्यांदा तिने धुतलेली वाळू माझ्या पोटात सैल सोडली, खड्ड्यात भरली होती तशीच, न ठोकता. वजन ठेवलं. खचण्याचा काटा दहा घरं सरकला. मग स्क्रू काढून मला ढकललं. सरकण्याआधी वाळूने चांगला जोर सोसला. दुसऱ्या वेळी शंभरात दहा भाग गाळ मिसळला. काटा सोळा घरं खाली गेला, आणि वाळू लवकर सरकली.

बाहेरून तुम्हाला फक्त काटे दिसतात. आत काय चालतं ते मला विचारा. वाळूचे कण एकमेकांच्या अंगाला अंग टेकून उभे असतात, खरखरीत, हट्टी. त्यांच्या मधे पोकळ्या असतात. चिमूटभर गाळ आला तर तो त्या पोकळ्यांत पडून राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गाळ वाढला की तो कणाकणाच्या सांध्यात शिरतो. दोन विटांच्या मधे राख पसरावी तसं होतं. कण एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात, पण टेकलेले नसतात. वरून भार आला की राख सटकते, कण घसरतात आणि सगळं खाली बसतं. त्यातून वाळू सैल भरलेली असेल तर विचारूच नका. तीच वाळू थराथराने भरून धुमसाने ठोकली तर ती वेगळी वागते, हेही खरं. आणि गाळ अर्ध्याच्या जवळ गेला की मग वाळूचं राज्यच संपतं. कण गाळात रुतून बसतात, भार गाळच सोसू लागतो, आणि ती एक निराळीच माती होते. तिच्याबद्दल पुन्हा नव्याने विचारावं लागतं.

आता राहिली ढिगाऱ्याची वाळू, बावीस भाग गाळासकट, आहे तशी. सबीहाने ती भरली आणि वजन ठेवलं. काटा एकतीस घरं खाली गेला. तिने स्क्रूकडे हात नेला तोच पुनमचंदशेठ खुर्ची ओढून पुढे आले. सकाळपासून ते माझ्याकडे टक लावून बघत होते. माणूस हुशार, स्क्रूंचं काम त्यांना केव्हाच उमगलं होतं.

"बाई, ते दोन स्क्रू काढताच काहून?" ते हळूच म्हणाले. "ह्या एका टायमाला राहू द्या की. आकडा चांगला येईल. तुमचा आधीचा कागद खरा ठरंल, तुमचं नाव राहील. पेटी बी खरी अन् तुमी बी खऱ्या. मी खोलीचा कोपरा माझ्या खर्चानं दुरुस्त करून देतो. तकलीफ कुणालाच न्हाई."

सबीहाची बोटं माझ्यावरच टेकलेली होती. शेठ खोटं बोलत नव्हते. स्क्रू राहिले असते तर तिचं दुकान वाचलं असतं, मी वाचले असते, आणि माझ्यावरचा डाग त्याच दुपारी पुसला गेला असता. पण मी काय म्हणत होते माहीत आहे? मी म्हणत होते, काढ ते स्क्रू! घाल मला भंगारात, वितळव, माझे पाण्याचे तांबे करून विकू दे कुणाला. पण त्या टाकीच्या सावलीत लेकरं खेळणार आहेत, आणि माझ्या पोटातून खोटा आकडा बाहेर येणार नाही. एकदा आला होता तेव्हा माझा कोपरा गेला. दुसऱ्यांदा आला तर माझ्यात उरेल काय?

सबीहाने हात मागे घेतला. फारुकभाई भिंतीला टेकून उभे होते. ती वळून म्हणाली, "मावशी, इकडे या. हे दोन स्क्रू तुम्हीच काढा."

"म्या?" अनुसयाबाई दचकल्या. "म्या आधीच घोळ घालून ठेवला."

"म्हणूनच. बोटांनी फिरतात ते. डावीकडे फिरवा."

अनुसयाबाईंनी पदराला हात पुसले. आपल्या खरबरीत बोटांनी त्यांनी पहिला स्क्रू फिरवला, मग दुसरा, आणि दोन्ही सबीहाच्या तळहातावर ठेवले. मी मोकळी झाले. सबीहाने ढकलायला सुरुवात केली. जोराचा काटा थोडासा चढला आणि थकल्यासारखा तिथेच राहिला. धुतलेल्या वाळूच्या मानाने पुष्कळ खाली.

"आता मोरीचं पाणी," सबीहा म्हणाली. तिने तीच वाळू पुन्हा सैल भरली, वजन ठेवलं, आणि मी ज्या ताटलीत बसते तिच्यात पेलाभर पाणी सोडलं. पाणी माझ्या पोटात चढलं. गाळ भिजला, सांधे सुटले, आणि कुणी हातही न लावता माझ्यावरचं झाकण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसलं.

तातेराव उठले. झाकणाजवळ तोंड नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"शेठ," ते म्हणाले, "टाकीखाली ह्या ढिगाऱ्यातली एक घमेलं बी जाणार न्हाई. अन् खोलीखालची बी उकरायची."

"तात्या, महिना वाया जाईल!"

"जाऊ द्या. ती टाकी लेकरांवर आली तर महिने मोजायला कोण बसून राहील?"

सबीहाने जुना कागद मागून घेतला, त्यावर तिरकी रेघ ओढली आणि नव्या कागदावर लिहिलं, 'अयोग्य'. खाली सही केली. शेठनी कागदाची घडी घातली आणि जाता जाता माझ्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. यावेळी डबडं म्हणाले नाहीत.

टाकी आता उभी आहे, थराथराने ठोकून बसवलेल्या जाड, स्वच्छ वाळूवर. खोलीची चीर बुजवली, कोपरा सरळ झाला आणि लेकरं आत बसू लागली. आणि तो गाळाचा ढिगारा? तो अनुसयाबाईंनी अंगणात मागून घेतला. भिंतीचा भार त्याला सोसला नाही, पण साखऱ्याची लेकरं दिवसभर त्यावर उड्या मारतात, खोपे करतात, आणि तो मुकाट्याने खचत राहतो. त्याचीही काही तक्रार दिसत नाही.

तुम्हाला वाटत असेल, आता ही म्हातारी म्हणणार, मला जपा, तेल लावा, पुसून ठेवा. नाही म्हणणार. ते फारुकभाई न सांगता करतात. माझं मागणं वेगळं आहे. माझ्याकडे याल तेव्हा वाळू धुऊन आणू नका, आणि माझे स्क्रू काढायला घाबरू नका. मग मी काय सांगेन ते गोड असेलच असं नाही.

गेल्या आठवड्यात साखऱ्याहून जीपवाल्याच्या हाती एक पिशवी आली. आता वाळू घ्यायला सबीहा स्वतःच जाते, पण अनुसयाबाईंना घाई झाली होती. अंगणवाडीला स्वयंपाकाची ओसरी काढायची आहे ना! सबीहाने पिशवी टेबलावर उपडी केली. वाळू, माती, काड्या, फुटका शिंपला, शेळीच्या चार लेंड्या, आणि मधोमध अंगणवाडीच्या वहीचा एक कागद. त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

'एक काडी बी काढली न्हाई. जशी हाय तशी धाडली. तुझ्या पेटीला सांग.'

सबीहाने मला मोठ्याने वाचून दाखवलं.